नावेच्या मागची कडी

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली. स्टाफ नर्स. आधी बोथ, मग इंद्रवेल्ली, शेवटी आदिलाबाद. अंगात आलेल्या बायांना मी ओआरएस पाजलंय. करणी झाली म्हणून आणलेल्या पोराच्या कानातून मक्याचा दाणा काढलाय. त्यामुळे तुमच्या भुताखेतांच्या सदरातले अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचायची. ‘बाई उपाशी झोपली असेल’ म्हणायचं आणि पान उलटायचं. आता स्वतःच लिहायला बसलेय. तुम्हीही तसंच म्हणा, माझी हरकत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा — हे रात्रीचं नाही, अमावस्येचं नाही. मे महिन्यातली भर दुपार होती, आणि माझ्यासोबत एक साक्षीदार होता. तो माझ्या बाजूचा माणूस नव्हता, उलट ज्यांच्याविषयी हे सांगतेय त्यांच्याच घरचा होता.

गावाचं नाव लिहीत नाही. आदिलाबादहून बेल्याकडे जाणारा रस्ता सोडला की नदीकाठी आमचं गाव लागतं. नदी पैनगंगा, पलीकडे महाराष्ट्र. पूल होण्याआधी इथे नाव चालायची. नावेचा मक्ता एका घराकडे होता, त्या घरातल्या म्हाताऱ्याला आजही सगळे मक्तेदार नाना म्हणतात. वय नव्वदीला टेकलेलं. खाली बॅरेज झाल्यापासून पाणी अडतं, त्यामुळे गावासमोर नदीचं चांगलं तळं झालंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मध्ये रेतीचं बेट उघडं पडतं.

आता त्या नावेचा रिवाज सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वस्तीच्या माणसांना तेव्हा इतरांसोबत नावेत बसवत नसत. नावेच्या मागच्या बाजूला, बाहेरून, एक पिळाची लोखंडी कडी ठोकलेली होती. पाणी कमी असलं की ती कडी धरायची आणि ओढत ओढत यायचं. पाणी जास्त असलं तर बसायचं शेवटच्या फेरीत, म्हणजे मग नाव धुता येई.

माझ्या आईची थोरली बहीण भागी — माझी मोठी माय — नानाच्या डांगरवाडीत कामाला होती. नदीच्या रेतीत टरबुजं लावतात, ती वाडी. एका वर्षी उन्हाळा संपता संपता वर कुठेतरी पाऊस झाला आणि पाणी अचानक चढलं. नाव बेटावर गेली. तोडलेली टरबुजं भरली, नाना चढला. मोठी माय म्हणाली, मी? नाना म्हणाला, पुढच्या फेरीत. पाणी तिच्या छातीला लागलं तेव्हा तिने मागची कडी धरली. नाव जड झाली. नानाने बांबूने तिच्या बोटांवर मारलं. पुढची फेरी झालीच नाही.

आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची, काठावर उभी होती. तिने हे आम्हाला किती वेळा सांगितलं, पण आवाज कधी चढवला नाही. भाकरी थापता थापता सांगायची. शेवटी एकच वाक्य — “टरबुजं आणली. भागीले नाही आणलं.”

मोठी माय सापडली नाही. कुणी विचारलंही नाही.

आता नाव माझ्याकडे कशी आली ते. पूल झाल्यावर ती नानाच्या गोठ्यात पालथी पडली होती, तिच्याखाली गुरांचं कुटार साठवायचे. हैदराबादचे एक निवृत्त इंजिनियर, मूर्ती सर, यांना बॅकवॉटरमध्ये शिडाच्या नावेतून फिरायचं, तिच्यातच राहायचं वेड होतं. गोठ्यातला सांगाडा त्यांनी पाहिला, सागवान अस्सल आहे हे ओळखलं आणि उचलून नेला. कुजलेल्या फळ्या बदलल्या, सांध्यांत सुतळी आणि राळ भरली, डोलकाठी उभी केली, दोन शिडं लावली. मध्ये एक बुटकी खोली, तीत बाकावर बिछाना, गॅस, वर सोलर. मागे छोटी मोटर. सगळं झालं आणि त्यांच्या मिसेसचे गुडघे गेले. नाव विकायला निघाली.

मी मुलाकडे हैदराबादला असताना तलावावर शीड चालवायला शिकले होते. नवरा गेला, नोकरी संपली, प्लॉटवर घर बांधून त्यात एकटीने झाडू मारायची हौस मला नव्हती. म्हटलं, बघू तरी. गेले, स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीने एकेक फळी ठोकून पाहिली. तळाशी हात घालून ओल पाहिली. सुकाणू हलवून पाहिलं. मग मागच्या बाजूला गेले...

कडी तिथेच होती. पिळाची. सरांनी पॉलिश करून काळी तुकतुकीत केली होती.

“ये तो एकदम ॲन्टिक है, मॅडम,” ते म्हणाले. “मैंने जानबूझ के रखा.”

“अच्छा किया,” मी म्हटलं, आणि तिथेच व्यवहार पक्का केला.

का, ते स्पष्ट सांगते. जी नाव माझी माणसं बसली की धुतली जायची, त्या नावेत मी राहणार होते. त्यात डाळीला फोडणी देणार, शिडाच्या आडव्या दांडीवर माझे परकर वाळत घालणार. आणि ती नाव मी बांधणार होते घाटावर, नानाच्या ओसरीच्या बरोब्बर समोर. यात काही उदात्त नव्हतं.

पहिल्याच दिवशी नानाचा मुलगा विलास घाटावर आला. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान, स्वभावाने वाईट नाही.

“काय ताई, नर्शी सोडून नावाडी झाल्या काय?”

“तुमचा धंदा बंद पडला होता. म्हटलं, कुणीतरी सांभाळला पाहिजे.”

हसला बिचारा. त्याला काही माहीत नव्हतं. ओसरीवरच्या खुर्चीतला म्हातारा मात्र हसत नव्हता. तो नावेकडे बघत होता.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. सकाळी शीड उभारायचं, वरच्या गावापर्यंत जायचं, तिथे बांधून राहायचं, दुसऱ्या दिवशी परत. काठच्या बाया बीपी तपासायला यायच्या, येताना मेथीची जुडी नाहीतर दोन वांगी आणायच्या. एकदा एकीने टरबूज दिलं. मी ते नावेत ठेवलं, दोर सोडला... नाव हलेना. म्हटलं चिखलात रुतली. बांबू लावला, मोटर लावली. शेवटी ती बाई म्हणाली, “ताई, वजन कमी करून पाहा की.” मी टरबूज तिच्या हातात परत दिलं, आणि नाव अशी सटकली की मी पडता पडता वाचले. एका टरबुजाचं वजन ते किती! तेव्हा मी एवढंच म्हटलं, योगायोग. रुतली होती, सुटली.

पण मग दुसरं सुरू झालं. नाव चालताना मागून जड वाटायची. शीड भरलेलं, वारा चांगला, आणि चाल निम्मी. पिछाडी पाण्यात दबलेली. मी जाळं अडकलं का पाहिलं, वेल अडकली का पाहिलं, खालून ओंडका लागला का म्हणून पाण्यात उतरून हात फिरवला. काही नाही. आदिलाबादहून मोटरवाला बोलावला. तो म्हणाला, “मोटर ठीक आहे अम्मा, मागे कुणी लटकतंय का?” गंमत म्हणून म्हणाला तो.

मला गंमत वाटली नाही. रोज सकाळी नाव कोरडी असायची आणि कडी तेवढी ओली. कडीच्या पिळात रेती. मी पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. दव म्हणावं तर मे महिन्यात आमच्याकडे दव कुठून येणार?

मी घाबरले नाही, चिडले. एका सकाळी पाण्याच्या मधोमध नाव अशीच जड झाली, तेव्हा मी सुकाणू सोडून मागे गेले, आणि आई जशी बोलायची तशी बोलले.

“मोठी माय, बाहेर काऊन लटकून राह्यली? नाव आता आपली हाय. आत येऊन बस.”

पिछाडी वर आली. हळूहळू, कुणी कडी सोडून वर चढावं तशी नाव एकदा डावीकडे कलली आणि सरळ झाली. त्या दिवसापासून मागची ओढ गेली. मी बाकावर एका बाजूची जागा मोकळी ठेवायला लागले. का, ते विचारू नका. पिशवी ठेवायला तिकडे हातच जात नव्हता.

मग विलास आला. या वेळी चप्पल काठावर काढून उभा.

“ताई, एक विनंती हाय. बाबाले एकदा नावेत बसवा ना. डॉक्टरनं हात टेकले, हार्ट चालत नाही म्हनते. बेटावर जेवतो म्हनून राह्यले. त्यायची डांगरवाडी व्हती तिथं.”

“नेऊ की,” मी म्हटलं.

“तुमचे लय उपकार—”

“उपकार कशाचे. तुमच्याच घरची नाव.”

माझा बेत मी लपवणार नाही. नानाला बेटावर न्यायचं, खुर्चीत बसवायचं, आणि म्हणायचं — पुढच्या फेरीत नेते. बाकीच्यांना आणायच्या निमित्ताने परत यायचं, आणि त्याला थोडा वेळ तिथे एकटा बसवायचा. बस, एवढंच. काही बेकायदेशीर नाही, पाणी चढायचं नाही. त्याला फक्त वाट बघायला लावायची होती. निघण्याआधी मी त्याचं बीपी तपासलं, नाडी पाहिली. नेण्याजोगा होता. मी सूड घ्यायला निघाले होते, पेशंट बिघडवायला नाही.

नाना नावेत चढला आणि मोकळ्या जागेवर बसायला गेला. तिथे त्याने हात ठेवला, झटकन काढला आणि खाली तळाशीच बसला. विलास म्हणाला, “बाबा, वरती बसा ना.” म्हाताऱ्याने पाय आणखी पोटाशी घेतले. नाव मात्र कधी नव्हे अशी चालली. वारा नव्हता, मी मोटर अजून लावलीही नव्हती, आणि आम्ही बेटाला लागलोसुद्धा.

रेतीत खुर्ची मांडली, छत्री रोवली, पाण्याची बाटली ठेवली. विलासला म्हटलं, “चला, तुमच्या मिसेस आणि डबे घेऊन येऊ, मला मदतीला कुणी लागेल.” तो आधी नावेत चढला. मी नानाजवळ थांबले.

“तू कोनाची वं?” त्याने विचारलं.

“सारजाची. भागीच्या बहिणीची.”

त्याच्या चेहऱ्याकडे मी बघत राहिले. खूप वर्षं मला तो चेहरा बघायचा होता.

“तुम्हाला पुढच्या फेरीत नेते, नाना,” मी म्हटलं.

त्याने छत्रीच्या दांडीवरचा हात काढून मांडीखाली दडवला, बोटं कुणाला दिसू नयेत असा.

काठावर विलासच्या बायकोने डबे तयार ठेवलेच होते. भाकरी, झुणका, ताकाची बरणी, आणि मधोमध एक भलं मोठं टरबूज. विलास म्हणाला, “बाबाच्या आवडीचं.” सगळं नावेत चढवलं. दोर सोडला. नाव हलली नाही.

“टरबूज उतरवा,” मी म्हटलं.

“काऊन?”

“उतरवा म्हणते ना!”

उतरवलं. नाव हलली नाही. डबे उतरवले, वहिनींना उतरवलं. नाही. विलास गुडघाभर पाण्यात उतरून खांद्याने रेटत होता, मोटर पाणी घुसळत होती, पुढचं शीड वाऱ्याने टम्म फुगलं होतं. मागे ओढ नव्हती, खाली चिखल नव्हता. घरातली बाई ठाण मांडून बसते आणि उठत नाही ना, तशी ती नाव बसली होती.

सूर्य डोक्यावर आला. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. बेटावर छत्री एका झुळकेने उडाली, ते आम्ही दोघांनी पाहिलं. खुर्चीत म्हातारा उघड्या उन्हात. उठायची ताकद नाही. विलास रडायला लागला.

“ताई, काही तरी करा! बाबा मरून जातीन!”

दुसरी नाव नव्हती. मासे धरणारे सगळे खालच्या गावाच्या लग्नाला गेलेले. मधलं पाणी खोल, विलासला पोहता येत नव्हतं आणि मला एवढं अंतर झेपणारं नव्हतं. उष्माघात किती वेळात काय करतो ते मी वॉर्डात पाहिलंय, मला ते नजरेसमोर पायरी पायरीने दिसत होतं. मी मागे गेले, मोकळ्या जागेसमोर उभी राहिले.

“मोठी माय, बास झालं. सोड.”

काही नाही.

“मी नर्स आहे. माझ्या हातून माणूस मरू देणार का तू?”

काही नाही. विलास माझ्याकडे बघत होता, मी कुणाशी बोलतेय ते त्याला कळत नव्हतं. आणि मग मला सुचलं ते मी बोलले. ते मनापासून होतं, आजही आहे.

“हे बघ, आत्ता मेला तर तो सुटला. तुले काय भेटलं? जिता ठेव त्याले. जिता राह्यला तर रोज बसून वाट पाह्यल.”

नाव सुटली.

बेटावर पोचलो तेव्हा नानाचे ओठ फाटले होते, अंग तापलेलं, पण शुद्धीवर होता. मी डोक्यावर ओलं फडकं टाकलं, पाणी पाजलं. विलासने उचलून नावेत ठेवला. नाव पुन्हा हलेना. आता मात्र मला खरंच काही सुचत नव्हतं. तेव्हा म्हातारा स्वतः बोलला. त्याचा आवाज असा होता की परवानगी मागतोय.

“मले खाली उतरवा. मले मागं धरू द्या.”

“बाबा, काय बडबडून राह्यले!”

“विलास, उतरव मले. ते आत बसली हाय.”

मी विलासला मान हलवून हो म्हटलं. नानाला लाइफ जॅकेट घातलं. बेटाच्या कडेला कंबरभरच पाणी होतं, पण पुढे खोल, म्हणून विलासलाही जॅकेट दिलं. विलास बापाला बगलेत धरून पाण्यात उतरला, आणि नव्वदीच्या मक्तेदाराने दोन्ही हातांनी ती पिळाची कडी धरली. खरं सांगायचं तर तापलेल्या माणसाला पाण्यात ठेवणं हाच दवाखान्यातलाही इलाज. मी स्वतःला तेवढंच सांगत होते.

नाव निघाली. शीड उतरवलेलं, मोटर बंद. सावकाश, बेताने, मागच्या माणसाला झेपेल अशा चालीने. मी सुकाणूला हात लावला नाही. आत बाकावर मोकळ्या जागेकडे मी एकदाही पाहिलं नाही, कारण तिकडे पाहायचा हक्क मला आहे असं वाटलं नाही. फक्त ओल्या रेतीचा आणि पिकलेल्या टरबुजाचा वास येत होता. टरबूज तर काठावर होतं.

घाटाला लागलो तेव्हा नानाची बोटं कडीवरून सुटेनात. एकेक करून मी सोडवली. बोटांवर, सांध्यांच्या वर, आडवे लाल वळ उठले होते. कडी धरल्याचे वळ बोटांच्या आतून येतात, हे बाहेरून होते. विलासनेही पाहिले. त्याने मला काही विचारलं नाही, पण नंतर बापाला विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या नजरेला नजर देत नाही.

नाना मेला नाही. आदिलाबादच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासणी केली तर हार्ट आधीपेक्षा बरं निघालं. कसं, ते त्यांनाही सांगता येत नाही, आणि मला तर नाहीच. नावेच्या तळाखाली काही अडकलं असेल, वाऱ्याची दिशा फिरली असेल, उन्हाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असेल — हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. त्या वळांपाशी येऊन सगळं अडतं. कुणी शांत करा, पूजा घाला असं सुचवणार असाल तर नका सुचवू. शांत व्हायची गरज कुणाला आहे, ते मला दिसत नाही.

नाव अजून माझ्याकडेच आहे, मी तिच्यातच राहते. रोज सकाळी नाना खुर्ची घाटावर आणायला लावतो, थेट पाण्याच्या कडेला. मी दोर सोडायला लागले की विचारतो, दोन्ही हात मांडीखाली धरून —

“माही फेरी कवा हाय वं?”

मी शीड उभारते. नाव हलकी असते.

“पुढची,” मी सांगते.